पथ्य कागदावर मिळतं, वाटी कुठे मिळणार?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सूपवर ५ टक्के जीएसटी लागतो. त्या महिन्याच्या सुरुवातीला जीएसटी कौन्सिलने जी मोठी यादी स्वस्त केली, त्यात साबण, शाम्पू, टूथपेस्टच्या जोडीला सूपही होतं. बातमी चांगलीच होती. पण भिवंडीत राहणाऱ्या, घरात एखादा आजारी माणूस असलेल्या कुटुंबाला तिचा किती उपयोग झाला? कर कमी झाला तो पाकिटातल्या सूपवरचा. आजारी माणसाला जी वाटी लागते ती पाकिटात नसते, आणि आपल्या शहरात ती विकतही सहज मिळत नाही.

हा विषय किरकोळ वाटेल. रस्ते, पाणी, वीज, यंत्रमागाची मंदी एवढे प्रश्न समोर असताना सूपचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. पण ज्या घरात टीबी, किडनी, शुगर किंवा तोंडाचा कॅन्सर आहे, त्या घराला विचारा. दवाखान्यातून गोळ्या मिळतात आणि गोळ्यांसोबत एक कागदही मिळतो. मीठ कमी, तेल कमी, तिखट बंद, पातळ आहार, प्रथिनं जास्त. गोळ्या मेडिकलवर मिळतात. कागदावरचा आहार कुठल्या दुकानात मिळतो, हे कुणी सांगत नाही. तो घरी कुणीतरी शिजवेल, असं धरूनच चाललेलं असतं.

शिजवणारं माणूसच आजारी पडतं

आपल्या घरात स्वयंपाक कोण करतं? बहुतेक घरांत अम्मी. मग अम्मीच आजारी पडली की काय होतं, हे आम्हा शिक्षकांना हजेरीपत्रकात दिसतं. सातवी-आठवीची मुलगी आधी उशिरा येऊ लागते, मग आठवड्यातून दोन दिवस येत नाही, मग परीक्षेपुरती येते. विचारलं तर उत्तर एकच, "अम्मीची तब्येत बरी नाही." भावाची शाळा मात्र चालू असते. तेरा वर्षांच्या पोरीला अम्मीसाठी बिनमिठाचं वेगळं, अब्बांसाठी नेहमीचं आणि लहान भावंडांसाठी तिसरं शिजवायचं असतं. दहा बाय दहाच्या खोलीत एका शेगडीवर तीन प्रकार करताना सकाळची शाळा बुडणारच.

दुसरा रुग्ण असतो तो एकटा लूम कामगार. यूपी, बिहार, तेलंगणातून आलेला, कारखान्याच्या आसपास पाच-दहा जणांत एक खोली घेऊन राहणारा. त्याचं जेवण भिशीत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, भिवंडीत भिशी म्हणजे नुसता पैशांचा फंड नाही. कामगारांच्या खानावळीलाही आपल्याकडे भिशीच म्हणतात. ठरलेले पैसे, दोन वेळचं जेवण, पगार झाला की हिशेब. डाळ, भात, रोटी, भाजी, एखाद्या दिवशी गोश्त. धडधाकट माणसासाठी ही उत्तम सोय आहे. पण टायफॉइड किंवा काविळीतून उठलेल्या माणसाला तीच तिखट तर्री खावी लागते, नाहीतर चहा-पावावर दिवस काढावा लागतो. काम बंद म्हणजे मजुरी बंद, त्यामुळे बाहेरचं महाग खाणं परवडत नाही. शेवटी तो गावाकडची गाडी पकडतो. औषधाचा कोर्स मध्येच सुटण्याचं हे एक मोठं कारण आहे. टीबीत अर्धवट औषधाचा परिणाम काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

बाजारात काय मिळतं?

आता बाजारात काय मिळतं ते पाहू. पहिलं म्हणजे पाकीट. दहा रुपयांत गरम पाण्यात ढवळायचं सूप मिळतं. घाईच्या वेळी बऱ्या माणसाने घेतलं तर काही बिघडत नाही. पण त्यात बहुतेक मक्याचं पीठ, साखर, मीठ आणि सुकवलेल्या भाजीचे थोडे कण असतात. 'चिकन' लिहिलेल्या पाकिटातही चिकन किती आहे, ते घटकांच्या यादीत वाचावं. ज्यांना हलालचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो त्यांनी तर ही यादी वाचायलाच हवी.

वाचायचं कसं, हे एकदा शिकून घेतलं की कायमचं उपयोगी पडतं. पाकिटाच्या मागे पोषणाचा तक्ता असतो, तो छापणं कायद्याने सक्तीचं आहे. त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ किती मिलिग्रॅम ते कळेल. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे साधारण २००० मिलिग्रॅम सोडियम. एका वाटीत ६०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एका वाटीत संपला. बीपी, हृदय किंवा किडनीच्या रुग्णाने मग उरलेल्या दिवसात काय खायचं? आणखी एक गोष्ट बघायची, की आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाटीचा. घाईत इथेच गफलत होते.

दुसरं म्हणजे हॉटेलातलं सूप. एका वाटीत घरातल्या एका दिवसाच्या भाजीचे पैसे जातात. त्यात सोया सॉस आणि अजिनोमोटो असतं, म्हणजे पुन्हा सोडियमच. मोबाइलवरून मागवलं तर घरपोच आणण्याचे पैसे वेगळे, आणि शांतीनगर किंवा गैबीनगरच्या आतल्या गल्लीत यायला डिलिव्हरीवाला कुरकुरतो. तिसरं म्हणजे थंडीत लागणाऱ्या पाया-सूपच्या गाड्या. चव एक नंबर. पण तिखट, तेलकट आणि खारट. सर्दी झालेल्या माणसाला बरं वाटतं, ऑपरेशन झालेल्याला नाही.

म्हणजे स्वस्त आहे ते पथ्याचं नाही आणि चांगलं आहे ते परवडत नाही. याच्यामध्ये, वीस-पंचवीस रुपयांत मिळणारी, कमी मिठाची, पोटभरीची ताजी वाटी हवी. ती जागा आपल्या शहरात रिकामी आहे.

नुसतं पाणी म्हणजे ताकद नव्हे

इथे आपल्याच घरातला एक समज तपासून घेतला पाहिजे. आजारी माणसाला यखनी द्या, पायाचं पाणी द्या, ताकद येते, असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकतो. गरम यखनीने घशाला आराम मिळतो, पोटात पाणी जातं, भूक उघडते, हे खरं आहे. पण निव्वळ पातळ यखनीवर अशक्तपणा जात नाही.

हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये हाडं उकळून काढलेल्या जिलेटिनचं सूप इस्पितळांतल्या गरीब रुग्णांना देण्याचा मोठा प्रयोग झाला. हाडं स्वस्त, म्हणून सूप स्वस्त. रुग्णांनी आणि डॉक्टरांनी तक्रारी केल्या. मग मागेंडी नावाच्या शास्त्रज्ञाच्या समितीने बरीच वर्षं तपासणी केली आणि १८४१ साली अहवाल दिला, की फक्त जिलेटिनवर शरीर पोसलं जात नाही. आज त्याचं कारण माहीत आहे. शरीराला अन्नातूनच मिळवावी लागणारी काही अमिनो आम्लं असतात. त्यातलं ट्रिप्टोफॅन जिलेटिनमध्ये नसतंच.

म्हणून यखनी करायची तर त्यातलं गोश्त बारीक करून त्यातच घाला. पायाच्या पाण्यात मुगाची डाळ शिजवा. ४० ग्रॅम मूगडाळीतून ९ ते १० ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्यातून साधारण ६. आपल्या कोकणी घरांतली पेज, मोमीन घरांतला खिचडा, हरीरा, मुगाचं कढण, हे सगळं आजारी माणसासाठी पाकिटापेक्षा कितीतरी सरस. तलबीना म्हणजे जवाची पातळ खीर. ती आजाऱ्याला आणि दुःखात असलेल्याला द्यावी, अशी हजरत आयशा रजि. यांची शिकवण बुखारी शरीफमध्ये आली आहे. हे पदार्थ आपल्याला शिकवायची गरज नाही. ते रोज शिजवायला घरात हात उरत नाहीत, अडचण तिथे आहे.

एक वाटी सगळ्यांना चालत नाही

'आजाऱ्याचं जेवण' असा एकच प्रकार नसतो. आजारागणिक वाटी बदलते. मोटामोटी फरक लक्षात ठेवण्यासारखे आहेत, बाकी आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलंच पक्कं समजावं.

टीबीच्या रुग्णाला घट्ट वाटी हवी. पातळ सूपने पोट भरतं आणि ताकद मात्र मिळत नाही. डाळ, अंडं, शेंगदाण्याचा कूट, चमचाभर तेल, सगळं चालतं, उलट हवंच.

शुगरच्या रुग्णाला तांदळाची पेज किंवा मक्याच्या पिठाने घट्ट केलेलं सूप जपून. डाळ आणि भाजीने दाटपणा आणावा.

किडनीच्या रुग्णाचं पथ्य सगळ्यात अवघड. डायलिसिसवर असलेल्या माणसाला दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं, आणि सूपही त्या पाण्यातच मोजायचं असतं. टोमॅटो, पालक, डाळीचं पाणी यात पोटॅशियम असतं. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलं तर ते काही प्रमाणात कमी होतं. बाजारात मिळणारं 'लो सोडियम' मीठ बीपीसाठी चांगलं म्हणून आणलं जातं, पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. किडनीच्या रुग्णाला ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये.

तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण आपल्याकडे वाढताना दिसतात. गुटखा आणि मावा यांनी केलेलं हे नुकसान आहे. ऑपरेशन किंवा शेकानंतर त्यांना मिरची, आंबट, खरखरीत काही चालत नाही. कोमट, गुळगुळीत, वाटून गाळलेलं हवं. नाकातून नळी असेल तर गाळणं आणखी बारीक, नाहीतर नळी तुंबते आणि पुन्हा दवाखान्याची वारी.

चार आजार, चार वाट्या. हे ऐकून कुणी म्हणेल की मग बाहेर करून विकणं शक्यच नाही. शक्य आहे. या चौघांपैकी तिघांसाठी पाया एकच राहतो, मीठ न घातलेली, मऊ शिजलेली डाळ-भाजी. मीठ, तेल, अंडं, कूट हे वरून घालायचं, आणि कुणाला ते गाळून द्यायचं. किडनीच्या रुग्णाला मात्र त्याच्या डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय काहीही देऊ नये.

सरकार काय देतं आणि कुठे थांबतं

सरकार काहीच करत नाही, असं म्हणणं बरोबर नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दाखल झालेल्या रुग्णाला औषधं आणि तपासण्यांसोबत जेवणही पॅकेजमध्येच मिळतं. दाखल असताना हे मागून घ्यावं, तो हक्क आहे. पण डिस्चार्ज झाला की जेवण थांबतं, आणि खरी गरज तेव्हाच सुरू होते.

टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. पैसे थेट खात्यात येतात. निक्षय मित्र म्हणून कुणीही व्यक्ती किंवा संस्था रुग्णाला दर महिन्याला धान्य-डाळीची टोपली देऊ शकते. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत आणि त्यामागे भक्कम पुरावा आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात टीबी रुग्णांच्या कुटुंबांना पोषणाची टोपली देऊन 'राशन्स' नावाचा अभ्यास झाला. ज्या घरांतल्या माणसांना ज्यादा अन्न मिळालं, त्यांच्यात नवा टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोकाही बराच कमी दिसला. अन्न हा औषधाचाच भाग आहे, हे आता फक्त नानी-दादीचं बोलणं राहिलेलं नाही.

पण टोपलीत येतं ते कोरडं धान्य. रेशनवरही गहू-तांदूळच. एकट्या कामगाराकडे ते शिजवायला ना शेगडी, ना ताकद. खात्यातले हजार रुपये खोलीभाड्यात जातात.

शिवभोजन थाळी शिजवलेली मिळते. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली ही योजना, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. कोरोनाच्या काळात आधी पाच रुपये केले, मग काही काळ मोफतही दिली. शहरात एका थाळीमागे सरकारचं गणित ५० रुपयांचं होतं, त्यातले दहा गिऱ्हाईक देतं, बाकीचे सरकार. २०२५ मध्ये मात्र केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या बातम्या राज्यभरातून आल्या. थाळी चालू राहिली पाहिजेच. आमची मागणी आणखी एका पावलाची आहे. सरकारी दवाखान्यांच्या जवळच्या केंद्रांत त्याच अनुदानात, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की चपाती-भाजीऐवजी रुग्णाची वाटी मिळावी. वरण तिथे शिजतच असतं. फोडणी आणि मीठ घालण्याआधी त्यातलं थोडं बाजूला काढायचं आहे.

परदेशात यावर काम झालेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८५ साली एड्सच्या रुग्णांना घरी जेवण पोचवण्यासाठी एक संस्था सुरू झाली. आज तिथे आजार बघून जेवण बनवणाऱ्या अशा अनेक संस्था आहेत. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या रुग्णांवरचा २०१९ मधला एक अभ्यास सांगतो, की असं जेवण मिळणाऱ्यांना दवाखान्यात दाखल करावं लागण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास निम्मं होतं. दाखल होण्याचा खर्च वाटीपेक्षा कितीतरी मोठा असतो, हे श्रीमंत देशाच्याही लक्षात आलं आहे.

आपल्याकडे काय आहे

आता आपल्या शहराकडे येऊ. भिवंडीत शेकडो माणसांचं जेवण रोज दोन वेळा शिजवण्याची यंत्रणा आधीच आहे, ती म्हणजे भिशी. मोठी भांडी आहेत, शेगड्या आहेत, पहाटे उठणारे हात आहेत. कुठे पद्मानगरातल्या तेलुगू बाया चालवतात, कुठे यूपीचे भाई. नवीन इमारत बांधायची नाही, नवीन ट्रस्ट काढायचा नाही. मोहल्ल्यातल्या एका भिशीत एक जास्तीचं पातेलं ठेवायचं आहे.

हे आपल्याला जमेल का? याहून कठीण काम आपण केलं आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या लाटेत दवाखान्यांत जागा नव्हती, तेव्हा शांतीनगरची मक्का मस्जिद ऑक्सिजन सेंटर झाली. रुग्णांना मोफत ऑक्सिजन मिळाला, घरोघरी सिलिंडर पोचले, आणि कुणाचा धर्म विचारला गेला नाही. औरंगाबादमध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, युसूफ मुकाती यांनी डिसेंबर २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली. प्रत्येक घराने आपल्या स्वयंपाकातून दोन ताज्या रोट्या आणि सालन जमा करायचं, गरजूने येऊन घेऊन जायचं, एवढी साधी कल्पना. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या परिसरात हरखचंद सावला यांचा जीवन ज्योत ट्रस्ट वर्षानुवर्षं कॅन्सरच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना जेवण देतो. केरळमध्ये १९९३ साली कोझिकोडमध्ये वेदनाशामक उपचारांची संस्था सुरू झाली, आणि पुढे मलप्पुरमसारख्या मुस्लिमबहुल जिल्ह्यात शेजाऱ्यांच्या गटांचं जाळंच उभं राहिलं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी हे लोक जातात, जखम धुतात, गरज असेल तिथे घरातल्या चुलीचंही बघतात. पैसा येतो तो बहुतेक गल्लीतल्या छोट्या वर्गण्यांतून.

आपल्या इतिहासातही हे नवीन नाही. जेरुसलेममध्ये सुलतान सुलेमानची बेगम हुर्रम हिने १५५२ मध्ये वक्फमधून लंगरखाना सुरू केला, तिथे गरिबांना आजही सूप वाटलं जातं. कैरोत सुलतान कलाऊनने तेराव्या शतकाच्या अखेरीस जो दवाखाना बांधला, त्याच्या वक्फमधून रुग्णांना जेवण होतंच. शिवाय बरं होऊन घरी जाणाऱ्याला काही रक्कम मिळायची, म्हणजे त्याला लगेच मजुरीला जावं लागू नये, असं इतिहासकार नोंदवतात. डिस्चार्जनंतरचे दिवस अवघड असतात, हे त्यांना सातशे वर्षांपूर्वी समजलं होतं. आणि सालन करताना पाणी थोडं वाढवा, शेजाऱ्याचा वाटा काढा, ही तालीम तर आपल्या प्यारे नबी सल्लल्लाहू अलैहि व सल्लम यांचीच आहे.

हिशेब मांडून बघू

बोलणं पुरे, आकडे बघू. आमच्या अंदाजाने एका मोठ्या वाटीला ४० ग्रॅम मूगडाळ लागते, म्हणजे आजच्या भावात पाचेक रुपये. दुधी, गाजर, लाल भोपळा यातली मूठभर भाजी तीन-चार रुपयांची. तेल, जिरं, हळद, गॅस मिळून चार रुपये. शिजवणाऱ्या बाईच्या मजुरीचे वाटीमागे चार-पाच रुपये. सगळं मिळून सतरा-अठरा रुपये. वीस रुपयांना वाटी विकली तर कुणाला तोटा नाही, आणि कुणापुढे हातही पसरावा लागत नाही. ज्याच्याकडे वीस रुपये नाहीत त्याची वाटी दुसरं कुणी भरेल. दोन वेळच्या वाटीला महिन्याचे १२०० रुपये होतात. म्हणजे निक्षय योजनेच्या हजार रुपयांत दोनशे घातले, तर टीबीच्या रुग्णाला रोज दोन वेळा शिजवलेली वाटी मिळते.

मजुरीचा मुद्दा मुद्दाम लिहिला. अशी कामं बायकांनी सवाब म्हणून फुकट करावीत, असं गृहीत धरलं जातं. महिनाभर जोश राहतो, मग बंद पडतं. ज्या विधवा किंवा गरजू बहिणीला काम हवं आहे तिला रोजगार द्या, काम टिकेल.

पैशांचं काय? सदका आणि खैरातीतून ही वाटी कुठल्याही धर्माच्या रुग्णाला देता येते, आणि तशीच द्यावी, कारण लूमवर आजारी पडणारे सगळ्या जातीधर्मांचे आहेत. जकातीचे नियम वेगळे आहेत. जकात हक्कदाराच्या मालकीची झाली पाहिजे, नुसतं बसवून खाऊ घालणं हनफी मसलकात पुरेसं धरत नाहीत. त्यामुळे जकात लावायची असेल तर आपल्या उलेमांना विचारूनच लावावी. रमजानमध्ये आपल्या गल्ल्यांत इफ्तारचं खाणं उरतं. त्या खर्चातला छोटासा हिस्सा बाकीच्या अकरा महिन्यांसाठी बाजूला काढता आला तर एका मोहल्ल्याचं पातेलं वर्षभर चालेल.

काही खबरदाऱ्या मात्र हव्यातच. आजारी माणसाला शिळं अन्न बऱ्या माणसापेक्षा जास्त बाधतं. सूप शिजलं की वाफाळतं असतानाच वाटावं. दोन तासांपेक्षा जास्त वेळ कोमट ठेवू नये, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी रुग्णाला देऊ नये. डबा रुग्णाच्या घरचा, स्टीलचा, झाकणाचा असावा. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गरम सूप नको. छोट्या खाद्यव्यवसायालाही अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी करावी लागते. ती किचकट नाही, करून घ्यावी. आणि वाटणाऱ्याने डॉक्टर होऊ नये. रुग्णाने चिठ्ठी आणायची, त्यावर मीठ चालेल की नाही, गाळून हवं की नाही, एवढं लिहिलेलं असावं. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना त्यासाठी एक मिनिट लागेल.

एक शंका रास्त आहे. मस्जिदींच्या कमिट्यांवर आधीच कामांचा बोजा आहे, त्यांनी हे पण करायचं का? आमच्या मते कमिटीने स्वयंपाक करू नये, तिने फक्त दोन गोष्टी कराव्यात. मोहल्ल्यात कोण आजारी आहे आणि घरात शिजवणारं कुणी आहे का, याची यादी ठेवावी. जुम्याच्या नमाजनंतर दर महिन्याला एक मिनिट त्याचा हिशेब सांगावा. शिजवण्याचं काम भिशी करेल. डबा पोचवायला मोहल्ल्यातली मोठी पोरं आहेतच, शाळाही त्यात मदत करू शकते.

आपल्याला सुरुवात शंभर वाट्यांनी करायची नाही. एक मोहल्ला, एक भिशी, दहा रुग्ण, तीन महिने. या तीन महिन्यांत रुग्णाचं वजन किती वाढलं, गोळ्या किती दिवस चुकल्या आणि त्या घरातली मुलगी शाळेत किती दिवस आली, एवढ्या तीनच नोंदी ठेवायच्या. पहिल्या दोन दवाखाना ठेवेल. तिसरी आम्ही शिक्षक ठेवू, हजेरीपत्रक आमच्याकडेच आहे. ज्या मोहल्ल्याची तयारी असेल त्याने येत्या जुम्याला आपल्या इमामसाहेबांशी आणि जवळच्या भिशीवाल्याशी बोलून बघावं.